आठवण शाबूत असताना डिमेन्शिया: निदान होईपर्यंतची आमची वाट

ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या मिस्टरांच्या आजाराचं नाव पक्कं झालं. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे एफटीडी. मेंदूचा कपाळामागचा आणि कानांजवळचा भाग हळूहळू निकामी होत जाण्याचा हा आजार. त्यातही आधी वागणूक बिघडवणारा प्रकार. कारण होतं नवव्या गुणसूत्रावरच्या ‘सी-नाइन-ओआरएफ-७२’ नावाच्या जनुकातला बदल. या आजारासाठी पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो ते जून २०२२ मध्ये. मधल्या काळात काय काय केलं, कुठे थांबावं लागलं, किती पैसे लागले, ते क्रमाने लिहिते आहे. तालुक्याच्या गावी राहून रात्री मोबाइलवर शोधत बसायचे, तेव्हा अल्झायमरबद्दल मराठीत पुष्कळ सापडायचं, या आजाराबद्दल मात्र हाताला काही लागायचं नाही. तुम्हीही असंच काही शोधत असाल तर हे तुमच्यासाठी आहे.

हे सरकारी बांधकाम खात्यात अभियंता. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सुरुवात झाली तेव्हा ह्यांचं वय ५३ होतं.

विसरणं कुठेच नव्हतं, हे आधी सांगायला हवं. कोणत्या रस्त्याचं काम कोणत्या साली झालं, ठेकेदार कोण होता, डांबर कुठून आलं होतं, सगळं तोंडपाठ. बदललं ते दुसरंच. माणूस आतून थंड होत गेला. मुलगी गाडीवरून पडून हाताला प्लास्टर घालून घरी आली, ह्यांनी एकदा बघितलं आणि टीव्हीचं चॅनल बदललं. हेच गृहस्थ ती लहान असताना तिच्या तापात रात्रभर बसून राहायचे. चुलत सासूबाईंच्या दहाव्याला नदीकाठी सगळे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभे होते, तेव्हा हे मोठ्याने म्हणाले, “चला चला, आता जेवायला बसू.” कुणी काही बोललं नाही. दीर माझ्याकडे बघत राहिले आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग गोड खाणं सुरू झालं. आधी ह्यांना गोडाचं फारसं नव्हतं. आता पाहुण्यांनी आणलेला साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा बॉक्स रात्री एकटे बसून संपवायचे, गुळाचा डबा रिकामा करायचे. कचेरीत मोजमाप न तपासता एमबीवर, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीवर, सह्या होऊ लागल्या आणि एक दिवस कारणे दाखवा नोटीस घरी आली. ह्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि चहा मागितला. तोंडावर काळजीची रेषही नव्हती.

जून २०२२ मध्ये आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं: साखर, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, सोडियम, बी-१२. साखर काठावर होती, बी-१२ बरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. आम्ही शाकाहारी, त्यामुळे सगळ्यांनाच वाटलं, सापडलं कारण. बी-१२ आणि थायरॉइड ही दुरुस्त होण्यासारखी कारणं आहेत, ती आधी तपासलीच पाहिजेत. पण इंजेक्शनं पूर्ण झाल्यावर दोन-तीन महिन्यांत वागण्यात काहीच फरक पडला नाही, तर तिथे थांबू नका.

ऑक्टोबर २०२२ पासून मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी डिप्रेशन सांगितलं. मला बाजूला घेऊन विचारलं, “घरात नवरा-बायकोत काही ताण आहे का?” तो प्रश्न मी बरेच महिने मनात घेऊन फिरले. गोळ्यांनी थोडा फरक पडला. खाण्याची हाव जरा कमी झाली, रस्त्यावर अनोळखी बायकांशी सलगीने बोलणं कमी झालं. म्हणून निदानही बरोबर वाटलं. नंतर कळलं की त्याच जातीच्या गोळ्या एफटीडीतही वागणूक थोडी आवरायला देतात. म्हणजे गोळी लागू पडली एवढ्यावरून आजार ओळखता येत नाही.

जुलै २०२३ मध्ये एका फिजिशियननी एमआरआय सांगितला. साडेसात हजार रुपये लागले. रिपोर्टमध्ये ‘मेंदू वयोमानानुसार किंचित आकसलेला’ एवढंच होतं. तरी त्यांनी “अल्झायमरची सुरुवात असू शकते” म्हणून डोनेपेझिल लिहून दिलं. पंधरा दिवसांत ह्यांचं बसणं बंद झालं. पहाटे तीनला उठून ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या, मध्येच दार उघडून थेट रस्त्यावर. अल्झायमरमध्ये मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिन कमी पडतं, ते टिकवून धरायला ही गोळी असते. एफटीडीत ती यंत्रणा बहुतेक शाबूत असते, त्यामुळे उपयोग होत नाही आणि अस्वस्थपणा वाढू शकतो. हे मला सहा महिन्यांनी पुण्यात समजलं.

पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्टचं नाव माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी दिलं. हे डॉक्टर स्मृती आणि वर्तनाच्या आजारांचंच जास्त काम करतात. नोव्हेंबरमध्ये फोन केला, जानेवारी २०२४ ची तारीख मिळाली. त्या दोन महिन्यांत मी एक काम केलं, ते सगळ्यांना सांगते. घरात दिसलेल्या गोष्टी तारखेसह दोन फुलस्केपवर लिहून काढल्या आणि तपासणीच्या आधीच तो कागद रिसेप्शनवर पाकिटात घालून दिला. नवऱ्याला शेजारी बसवून “हे मयताच्या घरी हसतात” असं तोंडाने सांगता येत नाही. त्यांचाही अपमान होतो आणि आपलाही घसा दाटून येतो. सोबत एमआरआयची सीडी न्या, नुसती फिल्म आणि रिपोर्ट पुरत नाही. डॉक्टरांनी सीडी लावून स्वतः बघितली आणि कपाळामागचा भाग दोन्ही बाजूंनी बारीक झालाय, तो मला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवला.

त्यांनी आम्हाला तासाभराहून जास्त वेळ दिला. या आजारासाठी २०११ मध्ये ठरलेले आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यात सहा गोष्टी बघतात: ताळतंत्र सुटणं, उत्साह मावळणं, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव जाणं, तेच तेच करत राहणं, खाण्याच्या सवयी बदलणं, आणि आठवण बरी असताना नियोजन व निर्णय ढासळणं. यातल्या तीन असल्या की आजार ‘शक्य’. रोजचे व्यवहार घसरलेत आणि स्कॅनमध्येही पुढचा भाग बाधित दिसतोय, मग ‘बहुधा’. ‘निश्चित’ म्हणायला मात्र एक तर मेंदूचा ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो, नाहीतर आजार घडवणारा जनुकीय बदल सापडावा लागतो. या तीन पायऱ्या त्या दिवशी समजल्या म्हणून पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी चालली आहे ते मला कळत गेलं. तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा: ही तपासणी झाल्यावर आपण कोणत्या पायरीवर असू?

मग त्यांनी घराण्याबद्दल विचारलं. “घरात कुणाला डिमेन्शिया होता?” मी नाही म्हटलं. ते तिथे थांबले नाहीत. कुणाला वेड लागलं होतं का, कुणी घर सोडून गेलं का, पार्किन्सन होता का, हातापायांतली ताकद जाऊन कुणी गेलं का? तेव्हा मला सासरे आठवले. मी लग्न होऊन आले तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. आधी हातातला तांब्या सुटायला लागला, मग चालणं गेलं, शेवटी पाणीही गिळता येईना. घरात सगळे ‘बाबांचा पॅरालिसिस’ म्हणायचे.

घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं. त्या काही न बोलता आत गेल्या आणि पत्र्याची ट्रंक उघडली. सातबाराचे उतारे, जुनी रेशनकार्डं आणि त्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत सासऱ्यांचा केसपेपर. तपकिरी पडलेला, घडीवर फाटलेला. वर १९९६ ची तारीख आणि शाईने लिहिलेले तीन शब्द: मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तो कागद आमच्याच घरात होता. डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, “मूळ कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी घेऊन या.” जुने केसपेपर, मृत्यूचा दाखला, एखादं प्रिस्क्रिप्शन, जे असेल ते आधी शोधा. ‘वेडसर’, ‘पॅरालिसिस’, ‘दारूने गेले’ अशा घरगुती शब्दांच्या मागे खरं निदान दडलेलं असू शकतं.

फेब्रुवारीत न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी झाली. साडेतीन हजार रुपये, मध्ये चहाची सुट्टी धरून जवळजवळ पूर्ण सकाळ. चाचणी मराठीत होणार ना, हे तारीख घेतानाच विचारून घ्या. मॅडमनी आधी एक नाव-पत्ता सांगितला, वीस मिनिटांनी परत विचारला. ह्यांनी गल्लीच्या नावासकट अचूक सांगितला. घड्याळ काढलं, तेही बरोबर. मग मॅडम म्हणाल्या, “केळं आणि संत्रं, दोन्हींत सारखं काय?” हे म्हणाले, “केळं मऊ असतं.” “आणि सारखं काय आहे, सर?” “संत्रं सोलावं लागतं.” फळ हा शब्द काही आला नाही. नंतर टेबलावर हात टेकवून मूठ, कड, तळवा असं क्रमाने करायचं होतं. मॅडम सोबत करत होत्या तोवर जमलं. त्यांनी हात काढून घेतल्यावर ह्यांचा हात टेबलावर मूठ, मूठ, मूठ, एवढंच करत राहिला. पंचवीस वर्षं पुलांचे आराखडे काढलेला हात होता तो. मी खिडकीकडे तोंड करून बसले.

नातेवाइकांचं एकच म्हणणं असायचं, “अहो, त्यांना सगळं आठवतं, मग डिमेन्शिया कसला?” त्या चाचणीचा कागद त्यांना दाखवायला फार उपयोगी पडला.

मार्चमध्ये पेट स्कॅन. चौदा हजार रुपये. दवाखान्यात भरती नसल्याने मेडिक्लेममधून काही मिळालं नाही, तेव्हा हे सगळे खर्च खिशातूनच होणार हे धरून चाला. या स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन लावलेली साखर शिरेतून देतात आणि मेंदूचा कोणता भाग ती किती वापरतो ते बघतात. त्यासाठी किमान चार-सहा तास उपाशी राहावं लागतं आणि रक्तातली साखर आटोक्यात लागते. ज्या माणसाचा आजारच गोडावर झडप घालण्याचा आहे, त्याला उपाशी ठेवायचं होतं. मी घरातलं गोड रात्रीच शेजारी नेऊन ठेवलं. सेंटरवर पोचलो, बोटाला टोचून साखर बघितली तर २०० च्या वर. ह्यांच्या पँटच्या खिशात पेढ्याचा कागद निघाला. स्टँडवर मुलगा रिक्षा ठरवत होता तेवढ्यात खाल्ला असणार.

स्कॅन रद्द झाला. तिथल्या तंत्रज्ञाने शांतपणे समजावलं की ते औषध दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे साखर उतरायची वाट बघत बसता येत नाही, त्या दिवसाचं त्या दिवशीच वापरावं लागतं. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली. त्या वेळी आम्ही आदल्या रात्रीच पुण्यात मुक्काम केला, सकाळची पहिली वेळ मागून घेतली, खिसे तपासले आणि एक माणूस फक्त ह्यांच्याजवळ राहील असं ठरवलं. इंजेक्शननंतर अंधाऱ्या खोलीत अर्धा तास न बोलता, मोबाइल न बघता पडून राहायचं असतं. ते कसंबसं पार पडलं. प्रत्यक्ष स्कॅनला पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

चित्र बघून मलाही समजलं. मागचा भाग लाल-पिवळा, पुढचा निळा पडलेला. अल्झायमरमध्ये मेंदूचा मागचा-वरचा भाग आधी मंदावतो. तो ह्यांचा चांगला होता. एप्रिलमध्ये फाइलवर ‘बहुधा एफटीडी’ असं लिहिलं गेलं, डोनेपेझिल बंद झालं आणि आठ-दहा दिवसांत पहाटेच्या फेऱ्या थांबल्या. निदानाचा पहिला फायदा हाच झाला, घर रात्रीचं झोपू लागलं.

त्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, “पण आत नक्की काय बिघडलंय?” विज्ञान शिकवते म्हणून असेल, मला त्याशिवाय चैन नव्हतं. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे काढून दाखवलं. हा एकच आजार नाही. बाहेरून वागणूक सारखी दिसते, पण पेशींत साठणारं प्रथिन वेगवेगळं असू शकतं. साधारण निम्म्या रुग्णांत ते टीडीपी-४३ असतं, बाकीच्या बहुतेकांत टाऊ, आणि थोड्यांत एफयूएस नावाचं तिसरंच. टाऊ अल्झायमरमध्येही असतं, पण तिथे जोडीला अमायलॉइड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे थर असतात. प्रागमधले डॉक्टर आर्नोल्ड पिक यांनी असा पहिला रुग्ण १८९२ मध्ये नोंदवला. अशा रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींमधले गोल गोळे सूक्ष्मदर्शकाखाली पुढे १९११ मध्ये दिसले, आणि ते दाखवणारे होते खुद्द अलॉइस अल्झायमर. टीडीपी-४३ ची ओळख मात्र २००६ मध्ये पटली. हे प्रथिन एरवी पेशीच्या केंद्रकात राहून जनुकांचा निरोप नेणाऱ्या आरएनएची कामं बघतं. आजारात ते केंद्रक सोडून बाहेर येतं आणि गुठळ्या होऊन बसतं. म्हणजे नेमल्या जागचं कामही थांबतं आणि नको तिथे साठाही होतो.

ह्यांच्या मेंदूत यातलं कोणतं, हे वागणुकीवरून ठरत नाही, आणि जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा त्यासाठी कुणी काढत नाही. ज्यांच्या घराण्यात जनुकीय कारण सापडत नाही त्यांना शेवटचं उत्तर मृत्यूनंतरच मिळतं, तेही मेंदूदान केलं तर. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आमच्याकडे मात्र सासऱ्यांचा केसपेपर होता. मोटर न्यूरॉन आणि एफटीडी एकाच घराण्यात, वडील आणि मुलगा. त्यामुळे जनुक तपासायचं ठरलं.

मे २०२४ मध्ये जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढली, कोण किती वयाला गेलं, कशाने गेलं. ही माहिती घरूनच लिहून न्या. आम्ही तिथून चार-चार फोन केले. संमतीपत्रावर ह्यांनीच सही केली, डॉक्टरांनी एकेक ओळ समजावल्यावर. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं. डिमेन्शियाशी संबंधित जनुकांचं पॅनेल, म्हणजे अनेक जनुकं एकदम तपासणारी चाचणी, एकवीस हजार रुपये, साधारण महिन्याने रिपोर्ट.

जून संपता संपता रिपोर्ट आला: आजार घडवणारा बदल आढळला नाही. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी मुलांना फोन केला आणि दोघांशीही रडत बोलले.

दुसऱ्या दिवशी जेनेटिक्सच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी रिपोर्टच्या शेवटच्या पानावरचा बारीक अक्षरातला परिच्छेद वाचायला सांगितला. तिथे लिहिलं होतं की या पद्धतीने ‘पुनरावृत्तीचा विस्तार’ ओळखता येत नाही. सी-नाइन-ओआरएफ-७२ मधला दोष नेमका तोच आहे. तिथे डीएनएच्या सहा अक्षरांचा एकच गट पुन्हा पुन्हा येतो. निरोगी माणसात तो बहुधा वीस-तीसपेक्षा कमी वेळा येतो, आजारात शेकडो किंवा हजारो वेळा. २०११ मध्ये हा दोष सापडला तेव्हाच काही घराण्यांत एकाला मोटर न्यूरॉन आणि दुसऱ्याला डिमेन्शिया का होतो त्याचा उलगडा झाला. पॅनेलचं यंत्र डीएनए लहान लहान तुकड्यांत वाचतं. एकाच नक्षीच्या बांगड्यांचे तुकडे समोर पडले तर किती बांगड्या फुटल्या ते सांगता येत नाही, तसं होतं ते. त्यासाठी वेगळी पीसीआर चाचणी आहे, पुनरावृत्ती मोजणारी.

साडेआठ हजार रुपये आणखी. रक्त परत द्यावं लागलं नाही, लॅबकडे ह्यांचा डीएनए ठेवलेला होता. तुम्हीही आधी तेच विचारा. मला विचाराल तर घराण्यात एफटीडी आणि मोटर न्यूरॉन अशी जोडी दिसत असेल, तर ही चाचणी आधी आणि मोठं पॅनेल नंतर. आणि कोणताही ‘आढळला नाही’ असा रिपोर्ट हातात आला की शेवटचं पान वाचल्याशिवाय फाइल बंद करू नका.

ऑगस्टमध्ये उत्तर आलं. जनुकाची एक प्रत सामान्य, दुसरी विस्तारलेली. नेमका आकडा या चाचणीत कळत नाही आणि उपचारांसाठी तो लागतही नाही. ‘बहुधा’ खोडून ‘निश्चित’ झालं. या जनुकाच्या रुग्णांत जवळजवळ नेहमीच टीडीपी-४३ साठतं, सासऱ्यांच्या कण्यातल्या पेशी ज्याने मारल्या असतील तेच. आजार थांबवणारं औषध आज नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हातापायांच्या स्नायूंची ईएमजी, म्हणजे त्यांतले विद्युत संकेत बघणारी तपासणी, करून घेतली, ती सामान्य आली. गिळताना ठसका लागतो का, बोटांतून वस्तू सुटते का, हे बघत राहायचं आणि दर सहा महिन्यांनी दाखवायचं.

त्या रात्री मला दुःखाइतकीच सुटकाही वाटली. दोन वर्षं मी ह्यांच्याशी भांडत होते, हे माझ्याशी असं का वागतात म्हणून. ते वागतच नव्हते. वागवणारा मेंदूचा भागच निकामी होत होता. ह्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

मुलांना सांगणं सगळ्यात अवघड होतं. प्रत्येकात हा दोष उतरला असण्याची पन्नास टक्के शक्यता. मुलगी सत्तावीसची, घरात स्थळं बघणं चालू होतं. मुलगा बावीसचा. त्याला लगेच तपासायचं होतं, “एकदाचं कळू दे,” म्हणाला. समुपदेशक मॅडमनी त्याला थांबवलं. लक्षणं नसलेल्या माणसाची अशी तपासणी समुपदेशनाशिवाय करत नाहीत आणि अठराच्या आतल्या मुलांची तर करतच नाहीत. रिपोर्ट वाईट आला तरी आजार कधी सुरू होईल ते सांगता येत नाही, एकाच घरात वयात मोठा फरक पडतो. आज टाळण्याचा उपाय नाही. रिपोर्ट फक्त ज्याचा त्याला देतात, आईलाही नाही. लग्न, विमा, नोकरी, जोडीदाराला कधी सांगायचं, सगळ्यावर मॅडम बोलल्या. मुलगा पहिली बैठक करून आला आणि म्हणाला, “आई, मला वेळ पाहिजे.” मुलीने सध्या तपासायचं नाही असं ठरवलं आहे, पण ज्याच्याशी लग्न ठरेल त्याला आधी सांगणार आहे. दोघांचेही निर्णय मला मान्य आहेत. यात आईने ढकलू नये आणि ओढूही नये, असं माझं मत झालं आहे.

कागदपत्रांचं काम ऑक्टोबर २०२४ पासून. अपंगत्वाचं प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन मिळतं. अर्जातल्या यादीत डिमेन्शिया असं वेगळं नाव नाही, तिथे अडखळायला होतं. आमचं काम ‘मानसिक आजार’ या सदरात झालं. त्यासाठीच्या ‘आयडियाज’ मोजपट्टीत डिमेन्शिया धरलेला आहे. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम, या चार बाबींवर गुण देतात. तपासणीच्या दिवशी रुग्ण नीट बोलतो, हसतो, “मला काही झालेलं नाही” म्हणतो. म्हणून न्यूरॉलॉजिस्टचं पत्र, न्यूरोसायकॉलॉजीचा रिपोर्ट आणि घरची नोंदवही सोबत हवी. आम्हाला प्रमाणपत्र फेब्रुवारी २०२५ मध्ये मिळालं, चाळीस टक्क्यांच्या वर.

ते हातात असणं फार महत्त्वाचं ठरलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम २०(४) सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. दुसरं काम द्यावं लागतं, नसेल तर जादा पद तयार करून निवृत्तीपर्यंत ठेवावं लागतं. ह्यांना सह्यांचा अधिकार नसलेलं टेबलाचं काम मिळालं आणि जुन्या नोटिशीचा विचार वैद्यकीय कागदांसह झाला. म्हणून सांगते, निदान होण्याआधी घाबरून राजीनामा देऊ नका. आयकरात जुनी करप्रणाली घेतली तर अपंगत्वासाठी (१९६१ च्या कायद्यात कलम ८०-यू) ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची. उपचारांच्या खर्चाच्या वजावटीसाठी (त्याच कायद्यात कलम ८०-डीडीबी) जी आजारांची यादी आहे, तिच्यात डिमेन्शिया नावानिशी आहे.

पैशांचं मात्र आधीच करा. ह्यांचं यूपीआय बंद केलं, पगाराचं खातं दोघांच्या नावे केलं, दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असं. वकिलांनी सांगितलं की मुखत्यारपत्र केलं तरी देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने संपतं, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नका. जी कामं त्यांच्या सहीने होण्यासारखी आहेत ती त्यांना समजतंय तोवर, त्यांना समजावून करून घ्या.

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून नणंदबाई आल्या होत्या. त्यांनाही दोन मुलगे आहेत. जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं, “वहिनी, मला तपासायचं झालं तर हे सगळं पहिल्यापासून करावं लागेल का?” नाही करावं लागणार. घराण्यातला दोष आता माहीत आहे, त्यामुळे मोठं पॅनेल लागत नाही, समुपदेशन करून एकच पीसीआर पुरते. फक्त आधी सापडलेल्या माणसाच्या रिपोर्टची प्रत जोडावी लागते. ह्यांच्या संमतीने मी त्यांना दोन प्रती काढून दिल्या, लॅबचा नमुना क्रमांक त्यावर आहे, आणि समुपदेशक मॅडमचा नंबर मागच्या बाजूला लिहून दिला.